मात्रा रक्तात मोजा

रोज पाकीटभर सिगारेटी ओढणाऱ्या माणसाचे रक्त दुपारनंतर तपासले, तर त्याच्या एका मिलिलिटर रक्तद्रवात साधारणपणे १० ते ५० नॅनोग्रॅम निकोटिन सापडते. सकाळी उठल्यावर हा आकडा अगदी खाली असतो, दिवसभरात एकेका सिगारेटीगणिक चढत जातो आणि रात्रीच्या झोपेत पुन्हा उतरतो. झुरका घेतल्या घेतल्या धमन्यांतल्या रक्तात क्षणभर तो १०० नॅनोग्रॅमपर्यंतही जातो, त्याच्या वर सहसा नाही. ही माहिती नवीन नाही. सॅन फ्रान्सिस्कोच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातील नील बेनोविट्झ आणि इतरांनी ती कित्येक दशकांपूर्वी नोंदवून ठेवली आहे. निकोटिनच्या रेणुभाराने, म्हणजे १६२ ने, भागून हाच आकडा रसायनशास्त्राच्या मापात मांडला, तर तो ०.०६ ते ०.३ मायक्रोमोलर इतका भरतो. आता धूम्रपानाचा हाडांवर, रक्तवाहिन्यांवर किंवा मेंदूच्या पेशींवर काय परिणाम होतो हे सांगणारे प्रयोगशाळेतले शोधनिबंध उघडून पाहावेत. काचेच्या बशीत वाढवलेल्या पेशींवर १० मायक्रोमोलर, १०० मायक्रोमोलर, कधी एक मिलिमोलर निकोटिन ओतलेले दिसते. १०० मायक्रोमोलर म्हणजे ओढणाऱ्याच्या रक्तातल्या नेहमीच्या प्रमाणाच्या सुमारे पाचशेपट, आणि मिलिमोलर म्हणजे पाच हजारपट. त्या पेशी मरतात किंवा त्यांची वाढ खुंटते, आणि निबंधाच्या शेवटच्या परिच्छेदात 'धूम्रपान करणाऱ्यांमध्ये असेच घडत असावे' असे वाक्य येते. माझा आक्षेप या वाक्याला आहे. ज्या मात्रेत कोणताही माणूस जगत नाही, त्या मात्रेवरून माणसाबद्दल निष्कर्ष काढण्याचा अधिकार प्रयोगाला पोचत नाही.

मात्रा थोडी जास्त घेतली तर परिणाम थोडा ठळक दिसतो एवढेच, मूळ क्रिया तीच राहते, अशी एक समजूत या सवयीमागे आहे. निकोटिनच्या बाबतीत ती चुकीची ठरते. निकोटिन शरीरात काम करते ते पेशींवरच्या ग्राहींना, म्हणजे त्याला पकडणाऱ्या प्रथिनांना, चिकटून. या ग्राहींचे अनेक प्रकार आहेत आणि प्रत्येकाची ओढ निराळी. मेंदूत व्यसनाशी सर्वांत जवळचा संबंध असलेला अल्फा-४ बीटा-२ हा प्रकार इतका संवेदनशील आहे, की लॉस एंजेलिसमध्ये आर्थर ब्रॉडी आणि सहकाऱ्यांनी २००६ मध्ये मेंदूच्या प्रतिमा घेतल्या तेव्हा एकदोन झुरक्यांतच त्यातले निम्मे ग्राही भरलेले आढळले, ते तीन तासांच्या आसपास तसेच राहिले, आणि एक पूर्ण सिगारेट ओढल्यावर तर ८८ टक्क्यांहून अधिक भरले. या ग्राहीसाठी शेकडो मायक्रोमोलर ओतणे म्हणजे काठोकाठ भरलेल्या घागरीवर धरण सोडणे आहे. अल्फा-७ या दुसऱ्या प्रकाराला मात्र जागे व्हायला कितीतरी जास्त प्रमाण लागते. म्हणजे मोठ्या मात्रेत आपण त्याच यंत्राचा वेग वाढवत नाही, दुसरेच यंत्र सुरू करतो. त्याहून वर गेले की निकोटिनचे रेणू ग्राहीच्या मधल्या वाहिनीतच अडकून ती बंद पाडतात; मिलिमोलरच्या घरात तर या पदार्थाचा अल्कधर्मी गुणच पुढे येतो आणि पेशीच्या आत नुसत्या त्या रसायनाने फुगलेल्या पोकळ्या तयार होतात. मग पेशी मेली ती नेमकी कशाने, याचे उत्तर त्या बशीतून मिळत नाही. शिवाय सिगारेटच्या धुरात सात हजारांहून अधिक रसायने असतात. जोआना फाउलर यांनी १९९६ मध्ये दाखवले की ओढणाऱ्यांच्या मेंदूत मोनोअमाइन ऑक्सिडेज-बी हे विकर जवळपास ४० टक्क्यांनी कमी असते, आणि हे निकोटिनचे काम नव्हे, धुरातल्या दुसऱ्या कशाचे तरी आहे. तेव्हा पाचशेपट निकोटिन घेऊन त्याला 'धूम्रपान' म्हणणे ही एकावर एक बसलेली दोन गृहीतके आहेत.

पेशींची बशी सोडून प्राण्यांकडे वळले की प्रश्न अवघड होतो, आणि खरे सांगायचे तर अधिक रंजकही. येथे 'वास्तव मात्रा' या शब्दांचा सोपा अर्थ घेतला तर तोही फसवतो. एका सिगारेटीतून माणसाच्या शरीरात एक ते दीड मिलिग्रॅम निकोटिन शिरते. साठ-सत्तर किलोच्या माणसाला ते किलोमागे ०.०२ मिलिग्रॅमच्या आसपास पडते. एखाद्याने प्रामाणिकपणे हीच मात्रा किलोच्या हिशेबाने छोट्या उंदराला, म्हणजे प्रयोगशाळेच्या भाषेतल्या माउसला, टोचली तर काय होईल? फारसे काहीच नाही. माणसाच्या रक्तातले निकोटिन निम्मे व्हायला दोनेक तास लागतात. मोठ्या उंदरात, म्हणजे रॅटमध्ये, त्याला ४५ मिनिटे पुरतात आणि माउसमध्ये अवघी सहासात मिनिटे. तासाभराने माणसात सत्तर टक्के उरलेले निकोटिन माउसमध्ये पाचशेव्या भागाच्या आसपास आलेले असते. म्हणून माउसला किलोमागे बरीच मोठी मात्रा देणे हे अवास्तव नसून आवश्यक आहे, आणि एकाच मात्रेचा आकडा तिन्ही जिवांना लावणे ही चूक आहे. शॅनन मॅट्टा, डेव्हिड बाल्फोर, बेनोविट्झ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००७ मध्ये 'सायकोफार्माकॉलॉजी' या नियतकालिकात जिवंत प्राण्यांसाठी निकोटिनची मात्रा कशी निवडावी याचे एक दीर्घ मार्गदर्शन प्रसिद्ध केले. पन्नास पानांचा तो मजकूर ज्या एका विचाराभोवती फिरतो तो असा वाचता येतो: सुईतला आकडा जुळवू नका, रक्तातला जुळवा. मोठ्या उंदराच्या कातडीखाली बसवलेल्या बारीक पंपातून दिवसाला किलोमागे सुमारे तीन मिलिग्रॅम निकोटिन सोडले, तर रक्तात मिलिलिटरमागे चाळीस नॅनोग्रॅमच्या आसपास पातळी राहते, म्हणजे भरपूर ओढणाऱ्या माणसाइतकी. हे ऐकायला प्रचंड वाटते. माणसाच्या वजनाला लावले तर दिवसाला दोनशे मिलिग्रॅम होतील. पण रक्त तेच सांगते जे ओढणाऱ्याचे रक्त सांगते, आणि निर्णय त्यावरच व्हायला हवा.

यात एक साधी, पण महागात पडणारी गफलत दडलेली आहे, आणि तिच्याकडे लक्ष वेधल्याशिवाय राहवत नाही. निकोटिन बाटलीत शुद्ध द्रव म्हणून मिळते, तसे टार्ट्रेट मिठाच्या रूपात भुकटी म्हणूनही मिळते. मिठात निकोटिनचा वाटा एक तृतीयांशाच्या आसपासच असतो. शोधनिबंधात 'किलोमागे एक मिलिग्रॅम' एवढेच लिहिले आणि ते शुद्ध निकोटिन की मीठ हे सांगितले नाही, तर वाचणाऱ्याच्या हिशेबात तिपटीचा फरक पडतो. असे निबंध आजही छापले जातात. दुसऱ्या प्रयोगशाळेने तोच प्रयोग केला आणि उत्तर वेगळे आले, की मग जनुके, जाती, पिंजऱ्याचे तापमान यांची चर्चा सुरू होते, आणि तराजूवर काय ठेवले होते हे विचारायचे राहून जाते.

वास्तव मात्रेचा आग्रह धरला की निकोटिन निर्दोष ठरेल, अशी भीती काहींना वाटते. गर्भावस्थेवरच्या संशोधनाचा इतिहास याच्या नेमका उलट आहे. गाभण उंदरांना दिवसातून दोनदा निकोटिनचे इंजेक्शन द्यायची जुनी पद्धत होती. सुई टोचताच रक्तातली पातळी उंच उसळायची, आईच्या रक्तवाहिन्या आकसायच्या, गर्भाकडे जाणारा रक्तपुरवठा आणि प्राणवायू कमी पडायचा. पिल्ले लहान आणि दुबळी जन्मायची. यात निकोटिनने मेंदूला केलेली इजा किती आणि गुदमरण्याने झालेली किती, हे कुणालाच सांगता येत नव्हते, आणि शंका घेणाऱ्याला ती जागा आयती मिळत होती. अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठात थिओडोर स्लॉटकिन यांच्या प्रयोगशाळेने पंपाची वाट धरली. ओढणाऱ्या बाईच्या रक्तात असते तशी पातळी, संथ, दिवसरात्र, उसळीशिवाय. पिल्लांच्या वजनात फारसा फरक न दिसणाऱ्या मात्रांनाही त्यांच्या मेंदूत पेशींची हानी आणि चेतापेशींच्या जोडण्यांत बिघाड सापडला. गुदमरण्याचा बहाणा गेला आणि आरोप सरळ निकोटिनवर येऊन बसला. गरोदर बाईने सिगारेटच काय, निकोटिनचे इतर प्रकारही बेतानेच आणि डॉक्टरांच्या सल्ल्यानेच वापरावेत असे आज जे सांगितले जाते, त्यामागे असल्या काटेकोर प्रयोगांचे बळ आहे. मोठी मात्रा येथे सत्य झाकत होती. खरी मात्रा वापरल्यावर ते उघडे पडले.

पेशींवर काम करणाऱ्या संशोधकांचा एक प्रतिवाद मात्र मला पूर्ण मान्य आहे. रक्तातली पातळी म्हणजे शरीराच्या प्रत्येक कोपऱ्यातली पातळी नव्हे. धूर ज्या पृष्ठभागावर आदळतो, तंबाखू जेथे दाबून धरली जाते, तेथे प्रमाण रक्ताच्या शेकडो-हजारोपट असू शकते. तोंडात तंबाखू ठेवणाऱ्यांच्या लाळेत मिलिलिटरमागे ७० पासून दीड हजार मायक्रोग्रॅमपर्यंत निकोटिन मोजले गेले आहे, आणि हे तर थेट मिलिमोलरच्या घरात जाते. महाराष्ट्रासाठी हा मुद्दा तळटीपेचा नाही. २०१६-१७ च्या जागतिक प्रौढ तंबाखू सर्वेक्षणात राज्यातले २६.६ टक्के प्रौढ तंबाखू वापरणारे आढळले. त्यात धूर ओढणारे चार टक्क्यांहूनही कमी, आणि तंबाखू-चुना, गुटखा, मशेरी, खर्रा असे काही तोंडात धरणारे जवळपास चोवीस टक्के. तळहातावर चुना लावून तंबाखू मळली की मिश्रण अल्कधर्मी होते, निकोटिन मोकळे होते आणि गालाच्या आतल्या त्वचेतून झपाट्याने शिरते. या गालाच्या पेशींवर प्रयोग करणाऱ्याने एक मिलिमोलर वापरले तर ते अवास्तव म्हणता येणार नाही. त्याच मिलिमोलरने हाडाच्या किंवा मूत्रपिंडाच्या पेशी मारल्या तर ते नक्कीच अवास्तव आहे. म्हणजे 'किती' या प्रश्नाला 'कुठे' हा प्रश्न जोडलेला असायलाच हवा. आपल्याकडच्या प्रयोगशाळांनी युरोप-अमेरिकेच्या सिगारेटींसाठी बेतलेले आकडे जसेच्या तसे उचलू नयेत याचे कारणही हेच. विडीत तंबाखू थोडी असते, पण ती विझू नये म्हणून ओढणारा झुरक्यांची घाई करतो, आणि तेंदूच्या पानातून हवा आत शिरत नसल्याने धूर दाटच राहतो. मळलेली तंबाखू तर तासभर गालात राहते. त्या माणसाच्या रक्तातल्या पातळीचा चढउतार सिगारेटवाल्यासारखा नसतो, आणि त्याची मात्रा वेगळी बसवावी लागते.

विषशास्त्राच्या बाजूने आणखी एक उत्तर येते. पन्नास उंदरांत दुर्मीळ कर्करोग शोधायचा, तर मात्रा वाढवल्याशिवाय तो दिसणारच नाही. धोका आहे की नाही एवढेच प्रथम ठरवायचे असते, किती आहे ते नंतर. ही पद्धत जुनी आहे आणि तिला आपले स्थान आहे. पण ती वापरणाऱ्याने मात्रांची पूर्ण शिडी मांडली पाहिजे आणि त्या शिडीची एक पायरी माणसाच्या खऱ्या पातळीवर टेकलेली असली पाहिजे. सर्वांत वरच्या पायरीवर पेशी मेल्या आणि खालच्या तीन पायऱ्यांवर काहीच झाले नाही, तर त्या खालच्या तीन पायऱ्या हाच निबंधाचा मुख्य निष्कर्ष होतो. पुष्कळदा नेमका तोच सारांशातून गळतो आणि वृत्तपत्रात वरची पायरी मथळा होऊन येते. प्राण्यांच्या बाजूनेही हे सांगायला हवे. रसेल आणि बर्च यांनी १९५९ मध्ये प्राणिप्रयोगांसाठी पर्याय शोधणे, संख्या कमी करणे आणि यातना कमी करणे ही तीन तत्त्वे मांडली. ज्या मात्रेला उंदीर थरथरतो, झटके येऊन पडतो आणि ज्यातून माणसाबद्दल काहीच कळत नाही, तो प्रयोग त्यांपैकी एकाही तत्त्वावर टिकत नाही.

सर्वांत गंभीर आक्षेप राजकीय आहे, आणि तो हलक्यात घेण्यासारखा नाही. 'एवढी मात्रा कोण घेतो?' हे वाक्य तंबाखू कंपन्यांच्या तोंडी पाठ आहे. मग तेच वाक्य विज्ञानाच्या बाजूने म्हणून त्यांच्या हातात शस्त्र कशाला द्यायचे? माझे उत्तर असे की सिगारेटविरुद्धचा खटला काचेच्या बशीवर कधीच उभा नव्हता. तो रिचर्ड डॉल आणि ब्रॅडफर्ड हिल यांच्या १९५० च्या अभ्यासावर आणि पुढे ब्रिटिश डॉक्टरांच्या पन्नास वर्षांच्या पाहणीवर उभा आहे, आणि त्या पाहणीने आयुष्यभर ओढणाऱ्यांची सरासरी दहा वर्षे कमी होतात हे दाखवले. तेथे मात्रा माणसांनी स्वतःच, रोजच्या जगण्यात घेतलेली होती. त्यापुढे जाऊन असेही म्हणेन की अवास्तव मात्रेचा सर्वांत मोठा फायदा आजवर कंपन्यांनीच उठवला. १९६७ पासून अमेरिकेत सिगारेटचे निकोटिन आणि टार यंत्राने मोजले जात. यंत्र ३५ मिलिलिटरचा झुरका दोन सेकंद घ्यायचे आणि मिनिटभर थांबायचे. कंपन्यांनी फिल्टरवर बारीक छिद्रे पाडली. यंत्राला त्यांतून हवा मिळून आकडे कमी दिसले आणि पाकिटावर 'लाइट' छापून आले. ओढणाऱ्याचे ओठ आणि बोटे ती छिद्रे झाकत, तो खोल आणि भराभर झुरके घेई आणि रक्तातले निकोटिन जवळजवळ तेवढेच राही. लाखो लोकांनी सोडायच्या ऐवजी लाइट धरली. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने ती पद्धत मान्य असल्याचे आपले मार्गदर्शन मागे घेतले ते २००८ मध्ये, चाळीस वर्षांनी. कॅनडाच्या आरोग्य खात्याने त्याआधीच ५५ मिलिलिटरचा झुरका, दर अर्ध्या मिनिटाला, छिद्रे बंद करून मोजायचे ठरवले, म्हणजे यंत्राला माणसाजवळ आणले. माणूस कसा ओढतो हे न पाहता मोजलेला आकडा कोणत्याही बाजूला झुकू शकतो. २०१५ च्या जानेवारीत 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये ई-सिगारेटच्या वाफेत फॉर्माल्डिहाइड फार मोठ्या प्रमाणात सापडल्याचे पत्र आले आणि जगभर गाजले. ते प्रमाण ५ व्होल्टवर होते, ३.३ व्होल्टवर ते सापडलेच नव्हते. उपकरण एवढे तापवले की द्रव करपतो आणि घशाला सहन होत नाही अशी चव येते, हे इतर संशोधकांनी लगेच दाखवले. ई-सिगारेटवर भारताने २०१९ मध्ये बंदी घातली, आणि त्या निर्णयाच्या बाजूने सांगण्यासारखी पुष्कळ कारणे आहेत. करपलेल्या वाफेचा आकडा त्यांत असण्याची गरज नाही.

या सगळ्याची किंमत कोण मोजतो? तंबाखू सोडू पाहणारा माणूस मोजतो. निकोटिनचा च्युइंगगम किंवा पट्टी शरीराला धूर न देता थोडे निकोटिन देते. २१ मिलिग्रॅमच्या पट्टीने रक्तातली पातळी ओढणाऱ्याच्या पातळीच्या खालच्या टोकाजवळच राहते. जागतिक आरोग्य संघटनेने हे उपचार २००९ मध्ये अत्यावश्यक औषधांच्या यादीत घेतले, भारताने २०२२ च्या राष्ट्रीय यादीत. तरीही रटगर्झ विद्यापीठाने २०२० मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीत अमेरिकेतल्या सुमारे ८० टक्के डॉक्टरांनी निकोटिनमुळेच थेट कर्करोग होतो असे ठामपणे सांगितले. कर्करोग होतो तो धुरातल्या आणि तंबाखूतल्या नायट्रोसामाइनसारख्या इतर विषांमुळे, हे पाठ्यपुस्तकांत असूनही. ही समजूत अनेक वाटांनी पसरली असेल. पाचशेपट मात्रेच्या प्रयोगांवरचे मथळे त्यांपैकी एक वाट आहे असे मला वाटते. ज्या डॉक्टरला निकोटिनचीच भीती वाटते, तो रुग्णाच्या हातात पट्टी देताना कचरतो, आणि रुग्ण पुन्हा पुडीकडे वळतो. यात आकड्यांच्या निष्काळजीपणाची एक जुनी कथाही आहे. निकोटिनचे ६० मिलिग्रॅम माणसाला मारतात असे शतकभर पुस्तकांत छापले गेले. ग्राट्सचे बर्न्ड मायर यांनी २०१४ मध्ये माग काढला तेव्हा तो आकडा एकोणिसाव्या शतकातल्या स्वतःवरच केलेल्या संशयास्पद प्रयोगांपर्यंत पोचला, आणि खरी प्राणघातक मात्रा अर्ध्या ग्रॅमहून अधिक असावी असे त्यांनी दाखवले. लहान मुलांपासून या पदार्थाच्या बाटल्या दूरच ठेवाव्यात, त्यात बदल नाही. पण एक चुकीचा आकडा न तपासता शंभर वर्षे चालू शकतो.

उपाय खर्चीक नाही. निकोटिनचे शरीरात कोटिनिन होते, माणसात ते सुमारे सोळा तासांत निम्मे होते, आणि प्राण्याच्या रक्ताच्या काही थेंबांत ते मोजता येते. आपल्या देशात प्राण्यांवरचा प्रत्येक प्रयोग सुरू होण्याआधी संस्थेच्या नीतिसमितीपुढे येतो. पीएचडीचा आराखडा मार्गदर्शकापुढे येतो, निबंध समीक्षकापुढे येतो. माझी विनंती या तिघांना आहे. निकोटिनचा प्रस्ताव समोर आला की तीन गोष्टी लिहून मागा: मात्रा शुद्ध निकोटिनची की मिठाची, ती ज्या पेशीपर्यंत पोचणार तेथे ओढणाऱ्या किंवा चघळणाऱ्या माणसात खरोखर किती निकोटिन असते, आणि प्रयोगातल्या प्राण्याच्या रक्तात किती सापडले. हे तीन आकडे नसतील तर प्रस्ताव परत पाठवा.